बाई, तुम्ही नक्की कुठला खेळ खेळायचात?

गेल्या अंकात दहावीच्या भूमितीवर लिहिताना एका वाक्यात मी सांगून गेले होते, की कॉलेजात असताना मुंबई विद्यापीठाकडून मी खो-खो आणि कबड्डी खेळले, रिलेत धावले आणि पुढे ३५ वर्षं शाळेत गणित शिकवलं. भूमितीबद्दल एकही पत्र आलं नाही. आली ती सगळी त्या एका वाक्यावर. तेव्हा या खेपेला भूमिती बाजूला ठेवते. अगदी पूर्ण बाजूला राहील असं वचन देत नाही.

प्रश्न : बाई, तुम्ही नक्की कुठला खेळ खेळायचात? तीन-तीन खेळ एकदम जमतात का, की तेव्हा स्पर्धाच कमी होती?
*एक निवृत्त बँक कर्मचारी, दादर*

खोचक आहे, पण खरं आहे. स्पर्धा कमी होती, मुलींची तर फारच. १९७५ साली मी कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा आमच्या खो-खोच्या संघात आठ जणी होत्या. मैदानात उतरायला नऊ लागतात. मी जिमखान्याच्या खोलीबाहेर पिशवीत फीची पावती शोधत उभी होते, तिथूनच मला उचललं. निवड चाचणी वगैरे काही नाही. "पळता येतं का?" एवढंच विचारलं. परळच्या चाळीत राहणाऱ्या आणि नळ जायच्या आत चार कळश्या भरणाऱ्या मुलीला पळता येतंच.

कबड्डी त्याच वर्षी दिवाळीनंतर आली. गिरणगावातली ती कबड्डी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. गल्लीच्या तोंडाशी माती ओतून, चाळून, पाणी मारून मैदान करायचं, बांबूला दिवे टांगायचे आणि गिरणीची दुसरी पाळी सुटल्यावरही सामने चालू. आम्ही मुली ते गॅलरीतून बघायचो. त्यामुळे कोण चढाईला गेल्यावर उजव्या कोपऱ्याकडे जास्त झुकतो, कुणाचा दम मध्यरेषा ओलांडायच्या आतच तुटतो, हे सगळं आम्हाला पाठ. फक्त आमचा पाय मातीला लागलेला नव्हता. घरात आजी अजून 'हुतुतू'च म्हणायची. मी संघात आहे हे कळल्यावर म्हणाली, "पोरींचा हुतुतू? मग भाकऱ्या कोण, मुलगे थापणार का?" माझा धाकटा भाऊ खरंच थापायला शिकला, हे जाता जाता सांगते.

रिलेत मी आले ती एकीचा पाय मुरगळला म्हणून.

आता जमतात का? जमतात, पण एकमेकांच्या पायात पाय घालून. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली, की टोकाचा खुंट ओलांडेपर्यंत मागे वळायचं नाही. वळलात की फाऊल. माझ्या अंगात ते असं भिनलं होतं, की कबड्डीच्या पहिल्याच सामन्यात चढाईला गेले, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला आणि मागे वळायच्या ऐवजी पुढेच पळत सुटले, अंतिम रेषेकडे! मध्यरेषा माझ्या पाठीमागे. सहा जणी माझ्यावर पडल्या तेव्हा कुठे मला आठवलं, की इथे परत घरी यायचं असतं. हातात आलेला गुण गेला, वर मीही बाद. पुढे वर्षभर "सरळ जा, शिवडी येईल" असं माझं नाव पडलं होतं.

नक्की कुठला खेळ म्हणाल तर खो-खो. बाकीचे दोन मी खेळले. खो-खो माझ्या अंगात होता.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेकडून कबड्डी खेळते, धावण्यातही आहे आणि सुट्टीत पोहते. तिचे प्रशिक्षक म्हणतात, आता बाकी सगळं सोडा आणि एकच खेळ धरा, नाहीतर पुढे काही होणार नाही. क्लासवाले म्हणतात, तोही सोडा, दहावी आहे. काय करू?
*एक आई, मुलुंड*

ताई, तुमच्या प्रश्नात दोन 'सोडा' आहेत. त्यांची उत्तरं वेगळी आहेत.

पहिलं एकच खेळ धरण्याचं. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लहानपणीच पकडावे लागतात. कबड्डी त्यातली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सल्ला दिला, की बहुतेक खेळांत मुलांनी १५-१६ वर्षांच्या आधी एकाच खेळाला वाहून घेऊ नये. वाढत्या वयात एकच हालचाल बारा महिने केली, की तेच हाड, तेच स्नायू, तोच सांधा झिजत राहतो. तिकडच्या डॉक्टरांचा एक साधा हिशोब आहे, तो मला फार आवडतो: मुलाचं जेवढं वय, आठवड्याला तेवढेच तास शिस्तबद्ध सराव, त्याहून जास्त नाही. म्हणजे तुमच्या लेकीला १४ तास. शिवाय आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. प्रशिक्षकांना हे आवडणार नाही. त्यांची स्पर्धा पुढच्या महिन्यात असते, तुमच्या मुलीचा गुडघा मात्र तिला आणखी साठ-सत्तर वर्षं वापरायचा आहे. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा आला असेल तर "वाढीचं दुखणं आहे" म्हणून तेल चोळत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ते खरंच वाढीचंच दुखणं असतं, पण त्याला विश्रांती द्यावी लागते.

दुसरं, दहावी. इथे मी तुम्हाला माझी चूक सांगते.

१९९४ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती. लंगडीत, खो-खोत अप्रतिम. सूर मारायची तर बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं. सहामाहीत गणितात ३८ मार्क पडले. मी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि खेळ बंद करायला सांगितलं. मी! जी स्वतः एल्फिन्स्टन रोडहून मरीन लाइन्सला जाताना लोकलच्या दारात उभी राहून त्रिकोणमितीची सूत्रं पाठ करायची, तिने. मुलीने खेळ सोडला. दहावीला ७१ टक्के मिळाले. सगळे खूश, मी तर सगळ्यांत जास्त.

बऱ्याच वर्षांनी ती मला दादरच्या फुलबाजारात भेटली. हातात शेवंतीच्या वेण्या. छान बोलली, मुलांची चौकशी केली, माझी केली. मीच विषय काढला. म्हणाली, "बाई, तेव्हा मी संध्याकाळी साडेपाचला घरी यायचे आणि सातपर्यंत नुसती पुस्तक उघडून बसायचे. खेळत असताना मी सात ते नऊ अभ्यास करायचे. नंतरही सात ते नऊच करत होते." म्हणजे मी तिचा वाचवलेला वेळ अभ्यासाला गेलाच नव्हता. तो पुस्तक उघडून बसण्यात गेला. राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हा ताई, स्पर्धांचा प्रवास कमी करा, बाहेरगावचे सामने सोडा, हवं तर डिसेंबरनंतर सराव अर्ध्यावर आणा. रोजचं मैदान तोडू नका. आणि जिल्हा-विभागाच्या वर खेळली असेल तर दहावीला खेळाडूंना सवलतीचे वाढीव गुण मिळतात. त्याचे प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावे लागतात, तेवढं मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवा. मार्चमध्ये विचारलंत तर उशीर झालेला असेल.

प्रश्न : आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो म्हणून माझी हजेरी कमी भरली. प्रॅक्टिकल बुडलं. प्राध्यापक म्हणतात, "खेळायचं होतं तर सायन्सला कशाला आलास?" तुमच्या वेळी असं होतं का?
*द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, विलेपार्ले*

हेच वाक्य. शब्दन् शब्द हेच. जणू प्राध्यापकांना रुजू होताना ते छापूनच देतात.

इंटरच्या, म्हणजे तेव्हाच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पश्चिम विभागाच्या स्पर्धेसाठी आठ दिवस बाहेर होते. परत आले तर केमिस्ट्रीचे दोन प्रॅक्टिकल गेलेले आणि सर ऐकून घ्यायला तयार नाहीत. मी रडले नाही, पण चेहरा तसा झाला असावा. प्रयोगशाळेतल्या हमालकाकांनी तो पाहिला. म्हणाले, सकाळी साडेसहाला ये, मी कुलूप उघडतो, डेमॉन्स्ट्रेटर बाई सातला येतात, त्यांना विचार. त्या बाईंनी मला सलग तीन दिवस सकाळी टायट्रेशन करायला लावलं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना माझा हात थरथरत होता, आदल्या दिवशीच्या पकडीत मनगट लचकलं होतं. बाई म्हणाल्या, "एका थेंबात रंग बदलतो. तुझ्या खेळात नाही का, एका बोटाच्या अंतराने माणूस बाद होतो?" त्यांनी कधी मैदान पाहिलं असेल असं वाटत नाही. मला मात्र तोपर्यंत रसायनशास्त्र इतकं कुणी समजावलं नव्हतं.

तुला खाशाबा जाधव माहीत असतील. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. सगळ्या प्राचार्यांनी घरं गहाण ठेवावीत असं माझं म्हणणं नाही. एक प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायला घर लागत नाही, एवढंच.

तू काय करायचंस ते सांगते. जायच्या आधी लेखी अर्ज, त्यावर क्रीडा संचालकांची सही, प्रत स्वतःकडे. आल्यावर सहभागाचं पत्र जोडून दुसरा अर्ज. तोंडी काही नाही. प्राध्यापक तोंडी बोललेलं विसरतात, आणि आपणही.

प्रश्न : मुलगी उन्हात काळी पडते, गुडघे फुटतात. तिची आजी म्हणते उद्या लग्नाला अडचण येईल. आपला अनुभव?
*एक वडील, कळवा*

माझ्या डाव्या गुडघ्यावर मातीतल्या खड्याची खूण आहे, हनुवटीखाली तीन टाके आहेत. लग्न १९८३ साली झालं. मुलगा बघायला आला तेव्हा टाके कशाचे हे त्याने विचारलं आणि मी सांगितलं. त्यावर त्याने मला कबड्डीत लोणाचे, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे, किती गुण असतात ते विचारलं. मी सांगितलं, दोन. त्यालाही माहीत होतं, तो फक्त खात्री करत होता.

गुडघ्याला नीकॅप घ्या आणि आजीला सामना बघायला न्या.

प्रश्न : मी तृतीय वर्षाला आहे, कबड्डी विद्यापीठाकडून खेळलोय. मला शिक्षक व्हायचंय. घरचे म्हणतात, पीटी मास्तर होणार का? बीपीएड करू की बीएड? आणि खेळाचा शिकवण्यात खरंच उपयोग होतो का?
*एक खेळाडू, लालबाग*

आधी कोरडं ते सांगते. शारीरिक शिक्षण शिकवायचं असेल तर बीपीएड, दोन वर्षं. मुंबईत वडाळ्याला त्याचं जुनं कॉलेज आहे. विषय शिकवायचा असेल तर बीएड, तेही २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, आमच्या वेळी एका वर्षात उरकायचं. पहिली ते आठवीला शिकवणार असशील तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. खोटी प्रमाणपत्रं पकडली गेल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे, आणि व्हायलाच हवी होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट २५ पर्यंत आहे, म्हणजे एमए-एमएस्सी करतानाही तुला खेळता येईल. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, पदवी झाली की बूट माळ्यावर टाकतात.

आणि प्रमाणपत्रं सांभाळ. माझी सगळी एका पत्र्याच्या ट्रंकेत होती, कुर्ल्याच्या तळमजल्यावरच्या घरात, कॉटखाली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या स्वयंपाकघरात आली. चार दिवसांनी ट्रंक उघडली तर विद्यापीठाचा शिक्का शिल्लक होता, माझं नाव वाहून गेलं होतं. शाईपेनाने लिहिलेलं. शिक्का छापील होता ना. मी ती उन्हात वाळत घातली, आता ती कडक पापडासारखी झाली आहेत. तू स्कॅन कर, दोन ठिकाणी ठेव.

पीटी मास्तर म्हणण्यात कमीपणा वाटतो तो घरच्यांचा प्रश्न. मला कुणी कधी पीटीचा तास दिला असता तर मी गणिताचे दोन देऊन तो घेतला असता. पण घरी पैसा हवा होता, गणिताच्या शिक्षकाला लगेच नोकरी मिळायची. १९८१ मध्ये मी रुजू झाले, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. तो संप कधी संपलाच नाही म्हणा. पुढची काही वर्षं माझ्या पगारावर घर चाललं. तेव्हा आवडीनिवडीचा विचार करायला सवड नव्हती.

उपयोगाचं विचारलंस. खो-खोत आठ जणी एका ओळीत बसतात, एक आड एक उलट तोंड करून. जिला माझी बाजू दिसते तिला शेजारणीची दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, नववी एकटी पळतेय आणि बाकीच्या बसल्यात. बसलेली मुलगी कधीच बसलेली नसते. ती पंजांवर असते, मान न हलवता पळणारीचे पाय मोजत असते. मागून खो पडायच्या आधी उठली तर फाऊल. उशिरा उठली तर पळणारी निसटली. आणि पाठलाग करणारीचं सगळं कसब, खो कुणाला द्यायचा यात असतं. जवळचीला देऊन उपयोग नसतो, जिचं तोंड बरोबर बाजूला आहे तिला द्यायचा.

वर्गात ५८ मुलं असायची. हात वर करणारी सहा. पहिली दोन वर्षं मी त्या सहांनाच खो देत राहिले. मग एक दिवस फळ्याकडे वळले असताना लक्षात आलं, की तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा हात वर करत नाही, पण मी उदाहरणाची पुढची पायरी लिहायच्या आधी त्याची पेन्सिल हलते. तो पंजांवर होता. त्याला खो कुणी दिलाच नव्हता.

एवढा उपयोग झाला. बाकी खेळाने शिस्त येते, चारित्र्य घडतं वगैरे पुरस्कार वितरणाच्या भाषणात म्हणतात. मला भेटलेले काही उत्तम खेळाडू अत्यंत बेशिस्त होते.

प्रश्न : खेळाडू आणि शिक्षक अशी दोन्हीकडे नाव असलेली माणसं झाली आहेत का?
*एक वाचक, ठाणे*

आपल्याकडचं पहिलं नाव प्रा. दि. ब. देवधर. त्यांच्या नावाच्या आधी 'प्रा.' लावायला क्रिकेटवालेही विसरत नाहीत, कारण ते पुण्यात एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे. १९४०-४१ च्या मोसमात मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. आम्ही मुंबईकर, त्यामुळे हे फार आनंदाने सांगत नाही.

दुसरा माणूस दूरचा, पण माझ्या जास्त जवळचा. एरिक लिडेल. एडिंबरा विद्यापीठात विज्ञान शिकत होता, धावायचा आणि रग्बीही खेळायचा. स्कॉटलंडकडून रग्बीचे सात आंतरराष्ट्रीय सामने खेळला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. हा धर्मनिष्ठ ख्रिस्ती, रविवारी धावणार नाही म्हणाला आणि ४०० मीटर धावला. ४७.६ सेकंद, सुवर्णपदक. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच वर्षी तो चीनमध्ये तिएनत्सिनला शाळेत शिकवायला गेला. प्रसिद्धी शिगेला असताना! महायुद्धात जपान्यांनी परदेशी लोकांना वेइशिएनच्या छावणीत डांबलं, त्यात तोही होता. तिथल्या मुलांना तो विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही. मग एका रविवारी मुलांनी आपापसात हॉकी खेळायला घेतली आणि पंच नसल्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा होता. ऑलिंपिकसाठी न मोडलेला रविवार त्याने पोरांच्या भांडणासाठी मोडला. १९४५ च्या फेब्रुवारीत, त्याच छावणीत, मेंदूतल्या गाठीने तो गेला.

त्याच्या पदकाचं मला फारसं काही वाटत नाही. त्या शिट्टीचं वाटतं.

प्रश्न : वय ५२. कॉलेजात खो-खो खेळायचे. पुन्हा सुरू करावंसं वाटतं. करू?
*एक गृहिणी, बोरिवली*

पळा, चाला, दोरीवरच्या उड्या सावकाश सुरू करा. सूर मारू नका. मी ५१ व्या वर्षी मुलांना दाखवायला म्हणून मारला होता. खांद्याला चार महिने फिजिओथेरपी.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. शाळा दुसऱ्या मजल्यावर, मागे एक अरुंद पटांगण. मुलांना भूमितीचा कंटाळा. तुम्ही मैदानाचा वापर कसा करायचात?
*एक शिक्षक, धारावी*

म्हटलं होतं ना, भूमिती पूर्ण बाजूला राहणार नाही.

सर, आमच्या शाळेचं पटांगणही तुमच्यासारखंच. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, ते जेमतेम मावायचं, आणि एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांच्या आधी मैदान आखायला लागायचं. आखायचं कसं ते मला विद्यापीठाच्या दिवसांपासून येत होतं, कारण सामन्याच्या सकाळी आमच्याच हातात फक्कीचा डबा असायचा. फक्की म्हणजे ती पांढरी चुनखडीची भुकटी. डब्याला खाली खिळ्याने भोकं पाडलेली, डबा सुतळीच्या बाजूने ठोकत ठोकत चालायचं. फक्की नाकात जाते, शिंका येतात, रेघ वाकडी होते.

एका वर्षी नववीच्या वर्गाला पायथागोरस शिकवून झाला होता. सगळ्यांना सूत्र पाठ, कुणालाच ते कशाला असतं ते माहीत नाही. मी १२ मुलं निवडली, हात वर न करणारी. सुतळी, चार लोखंडी खुंट्या, लांब टेप आणि फक्कीचा डबा देऊन खाली पाठवलं. काटकोन करायला कोनमापक मागितला. मी म्हटलं, वर्गातला सहा इंची कोनमापक ठेवून तेरा मीटरची रेघ ओढलीत तर मैदान टाकीत जाईल. मग सुतळीला ३, ४ आणि ५ मीटरवर गाठी मारायला लावल्या. एका खुंटीपासून ३ मीटर इकडे, ४ मीटर तिकडे, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर ५ आलं की कोपरा काटकोन. ते सगळं त्यांनी केलं. खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. बाजू मोजल्या, १३ आणि १०, दोन्हीकडे बरोबर. फक्की मारायला निघाले.

मी म्हटलं, थांबा, कर्ण मोजा.

कशाला, बाजू तर बरोबर आहेत. मोजा म्हटलं. १३ चा वर्ग १६९, १० चा १००, बेरीज २६९, वर्गमूळ साधारण १६.४०. दोन्ही कर्ण १६.४० यायला हवेत. पहिला आला १६.४९. दुसरा १६.३१. मैदान आयत नव्हतं, किंचित कललेला समांतरभुज चौकोन होता. चारही बाजू खऱ्या आणि आकार खोटा. बारापैकी एकाने, पेन्सिलवाल्या मुलाच्या जातकुळीतला होता तो, दोनदा टेप तपासली आणि मग हळूच म्हणाला, "बाई, गाठ सैल बसली असणार."

घंटा झाली. कोणी हललं नाही. टाकीजवळची खुंटी सरकवायची की दारापासची, यावर भांडण जुंपलं. पुढचा तास विज्ञानाच्या सरांचा होता. ते जिन्यातून रागारागाने खाली आले, कमरेवर हात ठेवून मिनिटभर उभे राहिले, आणि मग टेपचं लोंबणारं टोक उचलून टाकीजवळच्या खुंटीशी जाऊन बसले.